स्कूटर तयार, कागद अडला

घराचं छप्पर ४ दिवसांत झालं. स्कूटरचं इंजिन उघडून परत बसवायला ९ दिवस लागले. आणि एका पतसंस्थेचा शिक्का तीन कागदांवर उमटायला ४२ दिवस. आज लिहायला बसलोय तरी तो शिक्का आठवला की डोकं तापतं. खरं, माझ्यासारखाच कुणी सुट्टीत वडिलांची जुनी गाडी रस्त्यावर आणायच्या विचारात असेल, तर त्याचे तरी हे दिवस वाचावेत.

मी हायस्कूलला शिकवतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागली की मेअखेर शाळा उघडेपर्यंत वेळ आपला. यंदा दोन कामं काढली होती, वडगावातल्या आमच्या घराची कौलं आणि बाबांची चेतक. वळीव बेळगावात कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणून छप्पर आधी घेतलं. फुटकी कौलं काढली, वाळवी लागलेले वासे आणि रिपा बदलल्या, कमी पडलेली कौलं खानापूरहून आणली.

स्कूटर २००१ ची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती २०१६ ला संपली. तेव्हापासून गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. पिस्टन जाम, टाकीत गंज. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सिलिंडर बोअर करून म्हणजे आतून कातून मोठा करून घेतला, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवला. एक बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, बाजारात कुठंच मिळेना. लेथवाल्यानं जुना झिजलेला बुश दोन बोटांत फिरवून बघितला, व्हर्नियर लावलं आणि पितळेचा तुकडा चकमध्ये धरला. वीस मिनिटांत नवा बुश माझ्या तळहातावर, अजून गरम. फाउंड्री आणि मशिन-शॉपचं गाव असण्याचा हा फायदा, याचा मला अभिमान आहे.

गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी मी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, हातात घेतली. पहिल्यांदाच नीट वाचली. हायपोथिकेशनच्या, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या बोजाच्या, रकान्यात पतसंस्थेचं नाव तसंच. बाबांनी कर्ज २००४ मध्येच फेडलं होतं, पण आरसीवरची नोंद काढायची राहिली. कर्ज फिटलं म्हणून ती नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी फॉर्म ३५ लागतो, दोन प्रती, त्यावर मालकाची सही आणि कर्ज देणाऱ्या संस्थेची सही-शिक्का, सोबत संस्थेची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला. नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५ वेगळा. म्हणून सांगतो, पान्याला हात लावायच्या आधी आरसी वाचा. मी हे काम इंजिनच्या आधी सुरू केलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

ती पतसंस्था आता त्या नावानं नाही, मागेच दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. नव्या संस्थेच्या शाखेत गेलो. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "सर, हे खातं जुन्या संस्थेतलं. त्यांच्या वह्या इथं नाहीत. सोमवारी या, बघून ठेवतो."

सोमवारी गेलो. त्यांनी बघितलं नव्हतं. परत सोमवार. या खेपेला मुख्य शाखेत जायला सांगितलं. तिथं म्हणाले, मूळ शाखेतूनच पत्र यायला पाहिजे. शाखेत परतलो तर मॅनेजर घरच्या लग्नाला गेलेले, आठ दिवस नाहीत. मधेच शिवजयंतीही होती. आमच्याकडे ती वैशाखात होते आणि चित्ररथांच्या मिरवणुकीच्या दिवसांत गावात दुसरं काही सुचत नाही. ते दिवस मी धरत नाही, तो आमचा सण आहे. पण बाकीचे सगळे दिवस मी मोजलेत.

राग आणणारी गोष्ट वेगळीच होती. कुणी एकदाही "होत नाही" म्हणालं नाही. नाही म्हटलं असतं तर मी वरच्या माणसाकडे गेलो असतो. प्रत्येक वेळी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि "होतंय की सर, काळजी कशाला" म्हणत परत पाठवलं. इकडे नूतनीकरणाला उशीर झाला की दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा पडतात. मागच्या वर्षांचा उशीर आमचा होता, तो दंड आम्ही भरला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एप्रिलअखेर गाडी तयार असताना वाढलेला दंड त्या काउंटरचा होता आणि तो माझ्या खिशातून गेला.

महिना झाल्यावर बाबांनी विचारलं, "तू आतापर्यंत त्यांना लिहून काय दिलंस?"

काहीच दिलं नव्हतं. नुसता बोलून येत होतो.

बाबा टपाल खात्यात होते. उठले, ट्रंकेतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात कर्जाचं पासबुक. ३६ हप्ते, प्रत्येक हप्त्यासमोर त्यांनी पेन्सिलीनं केलेली बारीक खूण, शेवटच्या ओळीत जांभळ्या शिक्क्याखाली "बाकी निरंक" आणि कुणाची तरी सही. २१ वर्षांनी शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती. "अर्ज दे. दोन प्रती. एकीवर पोच घे, तारीख घालून," एवढंच बोलले.

संस्थेचा कागदी कारभार कन्नडमधून, म्हणून शेजारच्या अक्कांनी अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला. माझं कन्नड बोलण्यापुरतं ठीक, लिहिण्यात चुका होतात. अक्कांनी चार ओळींत सगळं बसवलं. कर्ज फिटल्याची तारीख, पासबुकाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, विलीनीकरणात जुन्या संस्थेची येणी-देणी आपल्याकडे आली आहेत, तरी एनओसी आणि फॉर्म ३५ वर सही मिळावी. खाली एक ओळ, प्रत माहितीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा कार्यालयाला.

पोच द्यायलाच त्यांनी अर्धा तास लावला. मी हललो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा काउंटरमागचं कपाट उघडलं गेलं. १२ व्या दिवशी फोन आला. ते "जुन्या वह्या" म्हणत होते ते रजिस्टर त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. मॅनेजरांनी सही केली, पण शिक्क्याचं पॅड वाळलेलं. शिपायानं थेंबभर पाणी घालून ते बोटानं चोळलं, पहिला शिक्का अर्धाच उठला. मी म्हटलं, "परत मारा." फॉर्मच्या दोन्ही प्रती आणि एनओसी, तीनही ठिकाणी नाव वाचता येतंय का बघूनच उठलो.

संस्था विलीन न होता बंदच पडली असेल तर अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा कारभार आवरणारा अधिकारी, कोण नेमलाय ते सहकार खात्यात विचारा, सही त्याची लागते.

आरटीओतलं काम त्यामानानं सरळ झालं. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद संगणकात चढलेली नसेल तर ते आधी करून घ्यावं लागतं, म्हणून परिवहनच्या पोर्टलवर आपला नंबर दिसतो का ते घरीच बघून जा. विमा आणि एमिशनचा म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला चालू पाहिजे. १५ वर्षांवरच्या गाडीला ग्रीन टॅक्स आहे. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि मग ५ वर्षांची मुदत मिळते.

हो, रंगाचं राहिलंच. आरसीवर जो रंग लिहिलाय तोच द्या, बदलला तर त्याचीही नोंद करावी लागते. आणि पेंटरला गाडी देण्याआधी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढून ठेवा. आमच्या पेंटरनं तिथं पुट्टी भरायला घेतली होती, मी वेळेवर पोचलो म्हणून नंबर वाचला. तपासणीत पहिल्यांदा तोच बघतात.

नवी आरसी आली. हायपोथिकेशनचा रकाना रिकामा आहे. बाबांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली, झेरॉक्स काढून आणायला सांगितली आणि झेरॉक्स पासबुकासोबत डब्यात ठेवली. डाव्या बोनेटवर रंगाचा शेवटचा हात अजून बाकी आहे. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते म्हणून पेंटर आता पाऊस उघडल्यावर देतो म्हणतो. तोवर बाबा तशाच गाडीवरून शहापूरच्या बाजारात जाऊन येतात.