तुम्ही विचारलेत म्हणून: थेम्सकाठची ती जत्रा

लंडनला येणाऱ्या पाहुण्यांना मी थेम्सच्या दक्षिण काठावर, साउथ बँकला नेतो, आणि तिथे पोहोचल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: बाँबहल्ल्यांत घरे पडलेली, मांस आणि साखर रेशनवर, अशा वेळी १९५१ साली नदीकाठी ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हे राष्ट्रीय प्रदर्शन भरवणे म्हणजे पोटोबाच्या आधी विठोबा नव्हे काय, आणि तुम्ही त्याची एवढी तरफदारी का करता?

माझे उत्तर ठरलेले असे. काउंटी हॉल आणि वॉटर्लू पूल यांच्यामधली ती जमीन म्हणजे जुनी गोदामे, बाँबने मोडलेल्या इमारती, बंद पडलेला बिअरचा कारखाना आणि ओहोटीचा चिखल होता. तिथे नदीला नवी भिंत घातली गेली, सामान्य माणसाला काठाने फिरता येऊ लागले आणि पाच महिन्यांत सुमारे ८५ लाख लोक येऊन गेले. घरांचा मुद्दा निघालाच, तर याच उत्सवाचा भाग म्हणून पूर्व लंडनमधल्या पॉप्लरमध्ये उभारलेल्या लॅन्सबरी वसाहतीचे नाव मी विजयी मुद्रेने पुढे करत असे.

काही वर्षांपूर्वी ज्युबिली गार्डन्समध्ये मी हेच मराठीतून सांगत असताना बाकावरच्या एका वृद्ध इंग्रज बाईंनी माझ्या बोलण्यातला ‘स्कायलॉन’ (प्रदर्शनातल्या उंच सुळक्याचे नाव) हा एकच शब्द ओळखला आणि मी काय सांगतो आहे ते विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या की तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, मागच्याच गल्लीत एका खोलीत पाच जण राहत होते आणि वडील या प्रदर्शनाच्या बांधकामावर मजुरीला होते. तिकीट परवडले नाही. रात्री आतून उजळणारा तो जवळजवळ तीनशे फुटी सुळका त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पुलावरून पाहिला. “सुंदर होता,” त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी तो उतरवणाऱ्यांतही वडील होते, आणि घर मिळायला त्यानंतर सहा वर्षे लागली. मी लगेच लॅन्सबरीचे नाव घेतले. त्या शांतपणे म्हणाल्या, “ते पॉप्लरला. आम्ही इथे होतो.”

पाहुण्यांना हे भाषांतर करून सांगायचे मी टाळले, याची लाज आजही वाटते.

तरीही माझे म्हणणे पुरते सुटलेले नाही. या काठाला सांस्कृतिक केंद्र करायचे, असे १९४३ च्या लंडन काउंटीच्या आराखड्यातच सुचवले होते. प्रदर्शन झाले नसते तर तिथे घरे उठली असती, असे मानायला आधार नाही. मंडप पाडून टाकण्याचा दोषही आयोजकांचा नाही, तो नंतर आलेल्या चर्चिल सरकारचा. मात्र आराखडा आधीच ठरला होता, हे सांगून मी मागच्या गल्लीला कुणी विचारले होते का, हा प्रश्न झाकतो, हेही मला कळते. फेस्टिव्हल हॉल हे संगीतगृह तेवढे टिकले. आम्ही त्या दिवशी उभे होतो त्या जागेवर तर पुढे कित्येक वर्षे मोटारी उभ्या राहत होत्या.

लॅन्सबरीचे वाक्य मी आता गाळायचे ठरवले आहे. परवा पुन्हा तोंडातून गेले.