हॅमरटोन

संगणक घरी जोडणे ही आता मोठी करामत राहिलेली नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड अशा मोजक्या वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणल्या, की एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक मोकळी संध्याकाळ एवढ्यावर काम उरकते. आणि चुकीची वायर चुकीच्या जागी शक्यतो बसूच नये, अशी काळजी त्या खाचा घडवणाऱ्यांनी आधीच घेतलेली असते. मला खरा वेळ लागला तो हे सारे ज्या पत्र्याच्या पेटीत बसवायचे, त्या कॅबिनेटला मनासारखा रंग देण्यात. दुकानात ढीगभर तयार कॅबिनेट रचलेली असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे मला घरी आणि दुकानात दोन्हीकडे विचारले गेले. माझ्याजवळ त्याचे उत्तर आहे, आणि हौसेपेक्षा त्यात हिशेब जास्त आहे.

संगणकाच्या आतले बहुतेक सगळे अल्पायुषी असते. प्रोसेसर काही वर्षांत मागे पडतो, ग्राफिक्स कार्ड बहुधा त्याच्याही आधी, आणि रॅमची पिढी बदलली की जुनी रॅम नव्या बोर्डाच्या खाचेत शिरतही नाही. टिकते ती पेटी. आयबीएमने १९८१ साली बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून आपला पीसी उभा केला आणि त्याच्या रचनेचा तपशीलही खुला ठेवला. एकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसण्याचा शिरस्ता तिथून रुजला. त्या यंत्रात कार्डांसाठी पाच खाचा होत्या आणि त्यांच्यात एकेक इंचाचे अंतर होते. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये खाचा आठ झाल्या आणि अंतर ०.८ इंचावर आले. आजचे भलेथोरले ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या पाठीला ज्या पट्ट्यांनी आवळले जाते, त्या पट्ट्यांमधले अंतर अजूनही तेच ०.८ इंच आहे. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिले. पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, त्याची भोके अमुक ठिकाणी, मागची खिडकी एवढी, हे सगळे त्यात आले, आणि तीस वर्षांनंतरही बाजार त्याच मापावर चालतो आहे. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या धडधाकट कॅबिनेटमध्ये आजचा मदरबोर्ड नेऊन ठेवला, तर हवा खेळण्याची पंचाईत होईल, पण भोके जुळतील. पेटी हा वाडा आणि बाकीचे सगळे भाडेकरू, असा हा व्यवहार आहे. त्यात रंगाचा खर्च करायचा तर तो वाड्यावर करावा, हे उघड आहे.

म्हणून नवे, काचेचे, लुकलुकणारे कॅबिनेट न घेता मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक काळे, ओबडधोबड आणि वजनदार कॅबिनेट उचलले. हल्लीच्या स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि अंगठ्याने दाबला तरी दबतो. याचा पत्रा चांगला जाड होता. एका कोपऱ्याला पोचा होता आणि बाजूवर ओरखडे होते. पण ज्याला रंगच द्यायचा आहे त्याने ओरखड्यांची तक्रार करू नये.

आता रंग कोणता? या यंत्रांच्या रंगांचा इतिहास तसा गरीबच आहे. १९७७ च्या ॲपल टूपासून पुढची वीसेक वर्षे घरगुती आणि कचेरीतले संगणक बहुतांशी फिकट बदामी किंवा राखाडी राहिले, आणि त्यांच्या प्लास्टिकमध्ये आगीला आवर घालण्यासाठी ब्रोमीनची संयुगे मिसळलेली असल्याने उन्हात ते पिवळे पडत गेले. आपल्या बँकांतून आणि शाळांतून दिसणारी ती पिवळट खोकी मूळची तशी नव्हती, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. १९९८ साली आयमॅक सिडनीच्या बाँडाय किनाऱ्याच्या पाण्याचा निळा रंग घेऊन आला आणि थोडी खळबळ झाली. पण सुटे भाग जोडणाऱ्यांच्या बाजाराने तो धडा घेतला नाही. तिथे बदामीनंतर काळा आला, आणि काळ्यानंतर काच. आज कॅबिनेटला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. आतल्या पंख्यांचे आणि रॅमचे दिवे त्याच्या वतीने रंग पाडत असतात. मला ते दिवे आवडत नाहीत. यात तत्त्वज्ञान काही नाही, रात्री खोलीत डोळ्यांना त्रास होतो, एवढेच.

माझ्या मनात होता तो हॅमरटोन. ज्यांनी आयटीआयच्या किंवा एखाद्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकले असेल, त्यांना नाव ठाऊक नसले तरी हा रंग डोळ्यांसमोर येईल. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्यातून आलेले लेथ, ड्रिल मशीन, बॅटरी चार्जर, व्होल्टेज स्टॅबिलायझर अशा कामाच्या वस्तूंवर हिरवट राखाडी, किंचित चमकणारा, हातोडीने ठोकून काढल्यासारख्या खळग्यांचा जो लेप असायचा, तो हाच. या रंगात ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि अगदी थोडे सिलिकॉन मिसळलेले असते. रंग ओला असताना द्रावक उडू लागला की त्याच्या थरात लहान लहान भोवरे फिरू लागतात, पूड त्यांच्या कडांकडे आणि मध्याकडे वेगवेगळी सरकते, आणि सुकताना ती नक्षी आहे तिथेच गोठते. ही नक्षी कोणी काढत नाही, ती आपोआप पडते. यंत्रे बनवणाऱ्यांचे तिच्यावरचे प्रेम मात्र निव्वळ व्यवहारी होते, कारण ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा आणि पत्र्यातले लहान पोचे या नक्षीत लपून जातात. संगणक हेही अखेर एक यंत्र आहे. त्याने दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूचे सोंग न घेता यंत्राचाच रंग ल्यावा, असे मला वाटत आले आहे.

काम दिवाळीनंतर काढले. पावसाळ्यात फवाऱ्याचा रंग मारू नये, हे कोणताही रंगारी सांगतो, आणि त्याचे कारण साधे आहे. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले बाष्प त्यावर धरते, आणि रंग पांढुरका, दुधाळ दिसू लागतो.

कॅबिनेट मोकळे करणे हेच एक शिक्षण होते. बाजूचे पत्रे स्क्रूने निघतात, पण सांगाडा पॉप रिव्हेटनी जोडलेला असतो आणि प्रत्येक रिव्हेटचे डोके ३.२ मिलिमीटरच्या ड्रिलने उडवावे लागते. तुटलेल्या शेपट्या सांगाड्याच्या पन्हळींत जाऊन बसतात. त्या सगळ्या झटकून काढल्याच पाहिजेत, कारण त्यातली एखादी पुढे मदरबोर्डावर घरंगळली तर रंगाचे कौतुक करायला संगणक उरणार नाही. मग पोचा ठोकून काढला, राहिलेला खड्डा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरला आणि सगळ्या पत्र्यांवर पाणी लावून वॉटर पेपर फिरवला. जुना रंग पूर्ण खरवडायची गरज नसते. त्याची चमक मोडली आणि तेलकटपणा गेला की नवा थर पकड घेतो. आतल्या उघड्या पत्र्याचे प्रकरण वेगळे आहे. त्याला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आणि साधा तेली प्रायमर त्यावर मारला तर तेल आणि जस्त यांच्यातून साबणासारखा पदार्थ तयार होऊन काही काळाने रंगाचे पापुद्रे सुटतात. तिथे जस्तावर पकड घेणारा वॉश प्रायमर लागतो.

एवढी तयारी करून मी सुटे पत्रे घेऊन नाना पेठेत दुचाक्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने पत्र्यांवरून हात फिरवला, घासकाम बरे झाल्याचे सांगितले, आणि रंगाचा डबा पाहताच तो दोन पावले मागे सरकला. "साहेब, दुसरा कुठलाही रंग आणा, आत्ता मारून देतो," तो म्हणाला, "पण हा डबा माझ्या शेडमध्ये उघडू नका." त्याचे म्हणणे रास्त होते. हॅमरटोनला नक्षी देणारे सिलिकॉन हे गाडीच्या रंगाचे वैरी आहे. त्याचा अंश हवेत, नळीत किंवा फडक्यावर राहिला, तरी पुढच्या गाडीच्या टाकीवर रंग जागोजाग फाटून गोल खड्डे पडतात, आणि ते पूर्ण घासून काढण्याखेरीज उपाय नसतो. ज्या गुणासाठी मी त्या रंगावर लुब्ध झालो होतो, त्याच गुणासाठी त्याने तो उंबऱ्याबाहेर ठेवला होता. त्यानेच मला भोसरीचा रस्ता दाखवला, जिथे जुनी मशिनरी उघडून, दुरुस्त करून आणि रंगवून पुन्हा विकतात.

भोसरीच्या त्या शेडमधल्या काकांना कॅबिनेट म्हणजे काय, याच्याशी कर्तव्य नव्हते. पत्रा किती आणि भोके कोणती झाकायची, एवढेच त्यांनी विचारले. रंगारी सहसा पत्रा टांगून किंवा उभा करून मारतात. त्यांनी प्रत्येक पत्रा घोड्यांवर आडवा ठेवला, कारण हॅमरटोन जाड थरात मारावा लागतो, उभ्या पत्र्यावर तो ओघळतो आणि नक्षी लांबट होते. पहिला पातळ हात दिल्यावर काहीच घडले नाही. दुसरा भरघोस हात मारून ते बाजूला झाले, आणि काही मिनिटांत सपाट राखाडी पृष्ठभागावर आपोआप खळगे उमटू लागले. थर जाड असेल तिथे मोठे, पातळ असेल तिथे बारीक. एका बाजूच्या पत्र्यावर नक्षी डावीकडून उजवीकडे किंचित लहान होत गेली आहे. काकांना ते खटकले आणि पुन्हा मारून देतो म्हणाले. मी नको म्हणालो. समोरचा प्लास्टिकचा भाग मात्र मी काळाच ठेवला, कारण लवणाऱ्या प्लास्टिकवर हा जाड, कडक लेप भेगाळण्याची शक्यता असते.

झाकायच्या भोकांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा होता आणि हौशी माणसे नेमकी तिथे गाफील राहतात. रंग विजेला अडवतो. मदरबोर्ड ज्या छोट्या पितळी खांबांवर, म्हणजे स्टँडऑफवर, बसतो, त्यांच्यामार्फत तो सांगाड्याशी जोडलेला असतो. एसएमपीएसचा डबा कॅबिनेटच्या पाठीला टेकतो आणि तिथून अर्थिंग तीन पिनांच्या प्लगमधून भिंतीत जाते. या स्पर्शाच्या जागा रंगाने बुजल्या तर साखळी तुटते. आपल्याकडे कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येण्याचा अनुभव पुष्कळांना आहे. एसएमपीएसमधले गाळणीचे कपॅसिटर वीजवाहक तारा आणि डबा यांच्यामध्ये जोडलेले असतात, आणि घरात अर्थिंग नसेल तर तो डबा मुख्य विजेच्या निम्म्या दाबाच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागते. नवा जाड रंग त्या झिणझिण्या लपवील, अर्थिंगचा दोष मात्र जिथल्या तिथेच राहील. म्हणून रंगवण्याआधी सगळ्या आट्यांत जुने स्क्रू बसवले, टेकण्याच्या जागांवर टेप लावली, आणि नंतर मल्टिमीटरने कानाकोपरा तपासला.

हॅमरटोन बोटाला लवकर सुकल्यासारखा वाटतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडा-पंधरवडा घेतो. तोवर त्याला घासू नये आणि थिनरचा वास जाईपर्यंत आत गरम होणारे काही बसवू नये. सुट्या भागांची खोकी या काळात टेबलावर न उघडता पडून होती, आणि ती उघडायचा मोह आवरणे हे या सगळ्या उद्योगातले सर्वांत अवघड काम होते. प्रत्यक्ष जोडणी मात्र पटकन झाली. नव्या रिव्हेटनी सांगाडा पुन्हा उभा राहिला. स्क्रूंच्या एकाच पुडीत इंचातल्या आट्यांचे आणि मिलिमीटरमधल्या आट्यांचे असे दोन वंश नांदत असतात, ते वेगळे केले. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा लहानसा ठिपका दिला, हिट सिंक आवळला. बाजूचा पत्रा खाचेत सरकवताना तेवढा अडला, कारण रंगाची जाडी दोन्ही बाजूंनी वाढली होती. कडेवरचा लेप वॉटर पेपरने उतरवल्यावर तो बसला. रंगामुळे तापमानात फरक पडला का, असे एका मित्राने विचारले. पडत नाही. आतली उष्णता पंख्यांच्या हवेबरोबर बाहेर जाते. पत्रा काळा की हिरवा, याची तिला फारशी फिकीर नसते.

माझा प्रोसेसर एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्या नावाच्या बैठकीत बसणारा आहे. २०२२ साली आलेल्या या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, तेव्हा कधीतरी प्रोसेसर बदलेल, मग बोर्ड बदलेल, आणि प्रत्येक वेळी मागचे स्क्रू निघतील आणि पुन्हा आवळले जातील. स्क्रूचे डोके फिरताना त्याखालचा रंग खरवडतो आणि हॅमरटोनला ठिगळ लावता येत नाही, कारण ब्रशने दिलेल्या ठिपक्यात ती नक्षी उमटतच नाही. त्यासाठी पोलादी पातळ वॉशरची एक पुडी आणून ठेवली आहे. प्लास्टिकचे वॉशर दिसायला अधिक नीट बसले असते, पण एसएमपीएसच्या स्क्रूंखाली ते मी घालणार नाही.