चार कंपन्यांच्या कॅसेट आणि वाया गेलेले १९ दिवस

नौपाड्यातल्या आमच्या कपाटात २००३ ते २००९ या वर्षांतल्या बावीस मिनीडीव्ही कॅसेट, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट, होत्या. लेकीचं बारसं, गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराकडून निघणारी स्वागतयात्रा, आणि गावचं घर पाडण्याआधी बाबांनी खोलीखोलीतून फिरून केलेलं शूटिंग. बाबा गेल्यावर हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. हँडीकॅम चालू होता. तो कॉम्प्युटरला जोडायचं फायरवायरचं कार्ड आणि केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाली. पहिल्या सहा कॅसेट एका दमात उतरल्या.

सातवी घातली आणि पाचव्या मिनिटाला चित्र फुटलं. आधी चौकोन, मग आडवे पट्टे: एक पट्टा हलतोय, त्याखालचा गोठलेला. आवाज तुटायला लागला. आठवीचंही तेच. म्हणून आदल्या दिवशी स्वच्छ चाललेली तिसरी पुन्हा लावली, तर तीही तशीच! पोटात गोळा आला. मला वाटलं, मशीनने कॅसेटच खाल्ल्या.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात हँडीकॅम दिला. "उद्या बघतो," म्हणाले. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा सोमवार. फोन केला की "कारागीर आला नाही." मी तीनदा ऑफिसातून लवकर निघून गेले, तिन्ही वेळा हँडीकॅम त्याच पिशवीत, त्याच फळीवर, मी बांधलेली गाठसुद्धा तशीच. एकोणिसाव्या दिवशी उत्तर मिळालं: "मॅडम, हेड गेलंय. पार्ट येत नाही. कॅसेट आमच्याकडे द्या, आम्ही करून देतो." आणि दर कॅसेटमागे सांगितलेला भाव! न उघडता हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, गेल्याचं यांना कळलं कसं, हा प्रश्न मी तिथेच विचारला. उत्तर आलं नाही. हे लिहितानाही मला त्या माणसाचा राग येतो.

शेवटी कळव्याच्या एका काकांनी सोडवलं. ते पंधरा-वीस वर्षं लग्नाचं शूटिंग करायचे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, मधे कंपनी बदलली होती का?" बदलली होती. पहिल्या सहा एकाच पाकिटातल्या, सोनीच्या. पुढच्या पॅनासॉनिक, टीडीके, जेव्हीसी, त्या त्या वेळी दुकानात मिळतील तशा घेतलेल्या.

काकांनी समजावलं ते असं. टेपवर धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि घासू नये म्हणून वर वंगण. ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुणाचं कोरडं, कुणाचं ओलसर. दोन्ही एकाच हेडवर आली की चिकट राप बसतो, असं शूटिंगवाल्यांत तेव्हापासून मानतात, म्हणून ते स्वतः एका कॅमेऱ्यात शेवटपर्यंत एकच ब्रँड वापरायचे. हेडचा ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो आणि टेपवरची एकेक रेघ अवघी १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, रुंद. तिथे कणभर मळसुद्धा पुरतो. ड्रमवर दोन हेड असतात, त्यातलं एक चोंदलं की एकाआड एक पट्टे दिसतात. म्हणजे कॅसेट शाबूत होत्या! ते ऐकून मी तिथेच खुर्चीत बसले.

त्यांनी कोरडी क्लिनिंग कॅसेट दहा सेकंद चालवली, थांबले, पुन्हा दहा सेकंद. चित्र लख्ख. ती कॅसेट रिवाइंड करायची नाही आणि उगाच चालवायची नाही, तिने हेड झिजतं. कानात घालायच्या कापसाच्या काड्या तर हेडला लावूच नका, तंतू अडकतात.

घरी आल्यावर उरलेल्या कॅसेटचे कंपनीप्रमाणे गठ्ठे केले, एक गठ्ठा संपला की क्लिनिंग, मग दुसरा. दोष वंगणाचाच होता की वीस वर्षांच्या धुळीचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्यानंतर एकदाही पट्टे आले नाहीत.

एक राहिलंच. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच. आणि डिस्कवर जागा ठेवा: तासाला साधारण १३ जीबी, आणि तासाची कॅसेट उतरायला पूर्ण तास लागतो. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं विनडीव्ही हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मला तेवढंच पुरलं.

एकवीस उतरल्या. बाविसावी भावाच्या कॅमेऱ्यावर एलपी मोडमध्ये, म्हणजे एकाच कॅसेटवर जास्त वेळ मावेल अशी, घेतलेली, त्यात रेघा आणखी अरुंद, ६.६७ मायक्रॉनच्या, आणि आमच्या हँडीकॅमवर ती धड चालत नाही. त्याने तो कॅमेरा डोंबिवलीत कुणाला तरी विकला होता. त्यांचा नंबर शोधते आहे.