दोनशे फुटांच्या आतले हितसंबंध

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या ज्या टाउनशिपमध्ये आम्ही राहतो, तिथे एका रिकाम्या पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागेवर चार मजली अपार्टमेंट्स बांधायचा अर्ज प्लॅनिंग बोर्डासमोर, म्हणजे गावातल्या बांधकामांच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या मंडळासमोर आला. आमची मागची हद्द त्या जागेपासून २०० फुटांच्या आत येते, म्हणून सर्टिफाइड मेलने नोटीस आली. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी अर्जदाराने २०० फुटांतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला कळवायचं आणि जाहीर नोटीसही द्यायची, असा इथला कायदा. मालमत्ताधारकाला, हं. आमच्या पलीकडच्या रस्त्यावर भाड्याने राहणारी आपली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना हा कागद येत नाही, तो घरमालकाच्या पत्त्यावर जातो.

दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. ट्रॅफिक, शाळेतली गर्दी, घरांच्या किमती, सगळं आलं आणि त्याच दमात ‘बोर्ड आधीच खिशात घातलंय’ हेही आलं. संशय एका सदस्यावर होता, कारण त्याची बायको रिअल इस्टेट एजंट. भिस्त होती दुसऱ्या एका सदस्यावर. त्यांना सगळे काका म्हणतात. बोर्डावर नेमले गेलेले आमच्या गावातले पहिले मराठी माणूस, आणि आमच्या देवळाचे ट्रस्टी. देवळाचं पार्किंग त्या ऑफिस पार्कला लागूनच आहे. ‘काका आहेत ना, ते हाणून पाडतील’ असं जो तो म्हणत होता. त्या वाक्यातच घोळ आहे, हे मला फाइल वाचायला बसेपर्यंत जाणवलं नव्हतं.

फाइल कुणीही बघू शकतं. नकाशे आणि कागद सुनावणीच्या १० दिवस आधीपासून बघायला ठेवावे लागतात. बोर्डाच्या सेक्रेटरीबाईंनी मला टेबल दिलं आणि गठ्ठा समोर ठेवला. वाहतुकीचा अहवाल, पावसाच्या पाण्याची गणितं, झाडांची यादी. माझ्या कामाचा कागद मात्र एकच पानाचा होता. अर्जदार कंपनी असेल, तर अशा मोठ्या अर्जात १० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी ज्यांची आहे त्यांची नावं द्यावी लागतात. कंपनीमागे कंपनी असेल तर तिच्याही मागची. ती नावं मी उतरवून घेतली.

दुसरा कागद घरबसल्या मिळाला. न्यू जर्सीत १९९१ पासून स्थानिक अधिकाऱ्यांसाठी नीतिनियमांचा कायदा आहे. त्यानुसार प्लॅनिंग बोर्डाच्या बिनपगारी सदस्यांनाही दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत आर्थिक माहितीचं विवरण भरावं लागतं. स्वतःच्या आणि घरातल्यांच्या २,००० डॉलरपेक्षा मोठ्या उत्पन्नाचा प्रत्येक स्रोत त्यात येतो. रक्कम नाही, फक्त स्रोत. ही विवरणं राज्याच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतात. ग्रुपवर रोज रात्री आरोप करणाऱ्यांपैकी एकानेही ती उघडलेली नव्हती.

संशयित सदस्याच्या विवरणात बायकोची फर्म होती. अर्जदाराच्या मालकांच्या यादीत तिचा किंवा तिच्या मालकांचा मागमूस नव्हता. काकांच्या विवरणात आक्षेपार्ह काही नव्हतंच. मंदिराचे ट्रस्टी पगार घेत नाहीत.

पण कायदा फक्त पैशाबद्दल बोलत नाही. १९७५ च्या जमीन वापर कायद्यात स्पष्ट म्हटलंय की ज्या विषयात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, वैयक्तिक किंवा आर्थिक संबंध आहे, त्यावर त्याने काम करायचं नाही. ‘वैयक्तिक’ची कक्षा किती मोठी, हे कोर्टांनी ठरवत नेलंय. न्यू जर्सीतल्याच गारफील्ड गावच्या एका प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की अर्जदाराच्या कुटुंबातला माणूस शिक्षण मंडळावर बसून बोर्ड सदस्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नोकरीवर मत देऊ शकत असेल, तर तो सदस्य त्या अर्जावर बसू शकत नाही. डॉक्टर आणि पेशंट या नात्याचाही विचार त्याच निकालात आहे. सदस्याने खरोखर पक्षपात केला का, हे कुणी सिद्ध करायचं नसतं. परिस्थितीच अशी आहे का, की माणसाला मोह पडू शकेल, एवढंच बघतात.

आणि दुसरं प्रकरण माँटक्लेअर गावचं. तिथे एका चर्चशेजारी वृद्धांसाठी निवासी इमारत होणार होती. त्यासाठी झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम, बदलायच्या बाजूने मत देणाऱ्यांत मेयर आणि काउन्सिलचा एक सदस्य असे दोघं त्या चर्चचे होते. २०१५ च्या निकालात न्यायालय म्हणालं, चर्च २०० फुटांच्या आतलं शेजारी आहे, म्हणजे त्याचा या निर्णयात संबंध आहेच. चर्चला जाणारा प्रत्येक जण त्यामुळे बाद होत नाही. पण जो संस्थेत जबाबदारीच्या पदावर आहे किंवा लवकरच येणार आहे, त्याला संस्थेचा संबंध चिकटतो. संस्थेने बाजू घेतली की नाही, हा मुद्दाच नाही.

चर्चच्या जागी आमचं देऊळ ठेवलं, की या अर्जापुरतं काकांना बोर्डावरून उठावं लागतं. मी तो निकाल पुन्हा वाचला, काही पळवाट दिसते का म्हणून. नव्हती.

सुनावणीत सगळ्यांसमोर तोंडघशी पाडण्यापेक्षा आधी फोन करावा असं ठरवलं. काका म्हणाले, “अगं, मला त्यात एक डॉलर मिळणार आहे का? देवळाचा माणूस म्हणून मी तिथे बसतच नाही.” मी निकालाचं सांगितलं. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, “आणि तो एजंटीणबाईचा नवरा बसणार, आणि मी उठायचं? तूच सांगतेस हे?” मी म्हटलं, त्याच्याबद्दलही विचारणार आहे. “विचार, विचार,” म्हणाले आणि ठेवला फोन. वीस वर्षांची ओळख आहे आमची. माझ्या मुलीच्या मुंजीएवढ्या थाटाच्या वाढदिवसाला जेवणाची सगळी सोय त्यांनी केली होती. तो फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं असं काही मी म्हणणार नाही.

सुनावणीच्या दिवशी खोली भरली होती. यासाठी वेळ नेमकी साधावी लागते. बोर्डाचे वकील आधी नोटिसा नीट दिल्यात का ते तपासतात आणि मग अर्जदाराचे साक्षीदार शपथ घेतात. हरकत घ्यायची ती या दोन्हींच्या मधे. साक्षी सुरू झाल्यावर हितसंबंध निघाला तर तोवर झालेलं सगळंच संशयात येतं. मी उठले, नाव-पत्ता सांगितला आणि दोन प्रश्न विचारले.

पहिला बायकोच्या फर्मबद्दल. सदस्य म्हणाले, फर्मचा अर्जदाराशी कधी व्यवहार झालेला नाही. वकिलांनी त्यांना तिथल्या तिथे आणखी चारदोन प्रश्न विचारले. उद्या ही अपार्टमेंट्स भाड्याने द्यायचं काम त्याच फर्मला मिळालं तर, असं मी विचारलं. वकील म्हणाले, ही लांबची आणि काल्पनिक शक्यता झाली. इथल्या न्यायालयांनी हेही म्हटलंय की असे दूरदूरचे संबंध मोजत बसलं तर छोट्या गावांचा कारभारच चालणार नाही. ते सदस्य बसून राहिले. कायद्याने वकील बरोबर असतील. मला मात्र अजूनही वाटतं की त्यांनी उठायला हवं होतं. त्यांच्या बायकोच्या फर्मचे फलक गावातल्या निम्म्या भाड्याच्या इमारतींवर आहेत.

काकांच्या ट्रस्टीपदाबद्दलचा दुसरा प्रश्न विचारला तेव्हा मागून कुणीतरी मराठीत काहीतरी पुटपुटलं. वकिलांनी दहा मिनिटांची सुट्टी घेतली, काकांना आत नेलं. बाहेर आल्यावर काकांनी माइकवर सांगितलं की ते या अर्जातून बाजूला होत आहेत. कागद गोळा केले आणि खोलीतूनच बाहेर गेले. तसंच करायचं असतं. समोर प्रेक्षकांत बसून भुवया उडवत राहायलाही वाव ठेवायचा नसतो. त्यांच्या जागी राखीव सदस्य बसला. राखीवही पुरले नसते आणि कोरम मोडला असता, तर झोनिंग बोर्डाचे, म्हणजे झोनिंगमधून सूट मागणारे अर्ज बघणाऱ्या दुसऱ्या मंडळाचे, सदस्य ज्येष्ठतेप्रमाणे बोलावून आणतात, त्याचीही कायद्यात सोय आहे.

अर्जदाराचे वकील या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. का, ते मध्यंतरात कळलं. त्यांच्या फोल्डरमध्ये देवळाच्या वेबसाइटवरच्या ट्रस्टी मंडळाच्या पानाची प्रिंट होती, तारखेसकट. काका बसले असते आणि बोर्डाने नकार दिला असता, तर निर्णयाची नोटीस छापून आल्यापासून ४५ दिवसांच्या आत ते कोर्टात गेले असते. एका अपात्र सदस्यामुळे सगळी सुनावणी रद्द होते, मत कितीने पडलं ते बघत नाहीत. म्हणजे ज्या हुकमी पत्त्यावर ग्रुपची मदार होती, तो पत्ता समोरच्याच्या हातात होता. हे मी ग्रुपवर समजावून लिहिलं. उत्तरादाखल तिघांनी मला मंडळाच्या गणपतीच्या कमिटीतून काढावं असं सुचवलं.

यानंतर मात्र देवळाने शहाणपणा केला. शेजारी म्हणून त्याला बोलायचा पूर्ण हक्क होता, आणि आता कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. संस्थेला इथे वकिलामार्फतच उभं राहावं लागतं. ट्रस्टने वकील आणि एक सिव्हिल इंजिनिअर नेमले. काका ट्रस्टच्या वतीने बोलू शकत नव्हते, ज्या बोर्डावर आपण आहोत त्याच्यासमोर दुसऱ्याची बाजू मांडायची नाही असाही नियम आहे. दुसरे ट्रस्टी आले. इंजिनिअरच्या मदतीने वकिलाने अर्जदाराच्या तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारून कबूल करून घेतलं की मोठ्या पावसात पाणी देवळाच्या पार्किंगच्या खालच्या कोपऱ्यात येऊ शकतं. त्या एका तासात जेवढं पदरात पडलं, तेवढं काका मत देऊन कधीच पाडू शकले नसते.

बाकीची सुनावणी बरीचशी अपेक्षित. शाळेत मुलं वाढतील असं लोक म्हणत राहिले आणि ते नकाराचं कारण होऊ शकत नाही असं बोर्डाचे वकील सांगत राहिले. खरी गोष्ट अशी, की ती जागा गावाच्या परवडणाऱ्या घरांच्या आराखड्यात होती. माउंट लॉरेल गावाच्या खटल्यांतल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३ च्या निकालांपासून न्यू जर्सीतल्या प्रत्येक गावाला कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी घरांची वाट मोकळी ठेवावी लागते. मार्च २०२४ च्या नव्या कायद्याने त्याचं वेळापत्रक बांधलं आणि गावांना ३० जून २०२५ पर्यंत आराखडे करायला लावलं. आमच्या अर्जात पाचातलं एक घर परवडणाऱ्या भाड्याचं होतं. झोनिंगमध्ये बसणारा अर्ज बोर्ड मनात आलं म्हणून फेटाळू शकत नाही.

त्या खोलीत बसून मला सारखं वाटत होतं, की सगळ्यात मोठ्या हितसंबंधाला इथे कुणी हात लावत नाहीये. बोर्डावरचा प्रत्येक जण घरमालक. नोटीस मिळालेला प्रत्येक जण घरमालक. मीही. आपल्या घराची किंमत टिकावी हा संबंध सगळ्यांचा सारखा, म्हणून तो कायद्यात मोजला जात नाही; सदस्याचा संबंध इतर जनतेपेक्षा वेगळा असेल तरच तो मोजतात. तर्क म्हणून ठीक आहे. पण त्या अपार्टमेंटमध्ये राहायला येणारी परिचारिका किंवा दुकानातला पोरगा त्या ‘जनते’त अजून नसतात. लोकांना बोलायला दिलेल्या वेळातल्या माझ्या तीन मिनिटांत मी हेच बोलले. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत.

अर्ज अटींसह मंजूर झाला. देवळाच्या बाजूने जास्तीची पाण्याची टाकी जमिनीखाली, आमच्या बाजूने दाट झाडांची रांग, आणि बांधकामाच्या गाड्या शाळा सुटायच्या वेळी बंद. ठराव लेखी झाला, छापून आला, ४५ दिवस गेले, कोर्टात कुणी गेलं नाही. काका अजून बोर्डावर आहेत, ट्रस्टवरही. बोलतो आम्ही, पण जपून.

एजंटबाईंच्या नवऱ्याबद्दल ग्रुपवर अजूनही लिहिलं जातं. नीतिनियमांचा कायदा सांभाळणाऱ्या राज्याच्या लोकल फायनान्स बोर्डाकडे लेखी तक्रार करता येते आणि नियमभंग सिद्ध झाला तर प्रत्येकी १०० ते ५०० डॉलर दंड होतो, हे मी फॉर्मसकट ग्रुपवर टाकलं. एवढाच दंड, म्हणून लोक हसले. फॉर्म भरायला मात्र अजून कुणी पुढे आलेलं नाही.