तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर ते मॉनिटर, डिजिटल आणि स्वस्तात

"सर, लॅपटॉपमधून स्टुडिओ मॉनिटरला थेट डिजिटल कनेक्शन करायचंय, पण बजेट नाही. काय घेऊ?" घरी बसून व्हॉइसओव्हर करणारे, ट्रॅकवर रियाज करणारे, तबल्याच्या क्लिप टाकणारे, सगळे कधी ना कधी हे विचारतात. (मॉनिटर म्हणजे इथे स्क्रीन नव्हे, स्टुडिओत ऐकायला वापरतात तो स्पीकर.) मी आधी उलट विचारतो, डिजिटलच का हवंय? खोदून विचारलं की बहुतेकांचं खरं दुखणं बाहेर येतं: मॉनिटरमधून घरघर येते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की डिजिटल केलं की जाते.

तर आधी घरघरीचं बघू. गाणं बंद करा, मॉनिटर चालू ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप. माउस हलवल्यावर चिर्र आणि फाइल कॉपी होताना टिकटिक ऐकू येत असेल तर तेही बहुधा त्याच घरातलं. होतं असं की लॅपटॉप चार्जरमधून अर्थिंगला जोडला जातो आणि मॉनिटर स्वतःच्या तीन पिनांच्या प्लगमधून. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असतो, म्हणून त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून (तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) करंट वाहायला लागतो. हेडफोन जॅकच्या साध्या केबलमध्ये ती जाळीच सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे ५० हर्ट्‌झची घरघर थेट गाण्यात मिसळते.

पण चार्जर काढूनही ट्वीटरला (मॉनिटरमधल्या बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) कान लावल्यावर सूंऽऽ असा सारखा आवाज येत असेल, तर तो मॉनिटरच्या आतल्या अँपचा, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचा. स्वस्त मॉनिटरमध्ये तो असतोच. केबल सोन्याची आणली तरी जात नाही. दोन-तीन फुटांवरून ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

आता डिजिटल. कॉम्प्युटरमध्ये आकडे असतात आणि स्पीकरचा कोन हलतो तो व्होल्टेजवर, म्हणजे नदी कुठेतरी ओलांडायचीच आहे. प्रश्न एवढाच की पूल कॉम्प्युटरच्या गावात बांधायचा, मधे बांधायचा की मॉनिटरच्या गावात. हा पूल म्हणजे डॅक, डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप. खऱ्या डिजिटल इनपुटचे स्टुडिओ मॉनिटर मिळतात. जेनेलेकच्या ८३३०ए ला एईएस/ईबीयू हे स्टुडिओतलं डिजिटल इनपुट आहे. एका एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल प्लगच्या) केबलमधून डावं-उजवं दोन्ही जातं, ती केबल पहिल्या मॉनिटरमधून पुढे दुसऱ्यात न्यायची, आणि कोणी कोणता चॅनल वाजवायचा ते ज्याचं त्याला सांगून ठेवायचं. सुंदर व्यवस्था आहे. पण त्या जोडीची किंमत लाखाच्या पुढे, आणि कॉम्प्युटरला एईएस आउटपुट नसतंच, त्यासाठी वेगळा इंटरफेस (कॉम्प्युटर आणि मॉनिटरच्या मधली ऑडिओची डबी) आलाच. यामाहा एचएस५ किंवा जेबीएल ३०५पी, म्हणजे आपण घेतो त्या पट्टीतले मॉनिटर, मागून वळवून बघा: एक्सएलआर आणि टीआरएस (मोठा, पाव इंची जॅक), इथे दोन्ही ॲनालॉग. डिजिटल खाच नाहीच, तर जोडणार कुठे?

बजेटमध्ये डिजिटल इनपुट सापडतं ते एडिफायर आर१२८०डीबी सारख्या स्पीकरवर. त्याला ऑप्टिकल (उजेडावर चालणारं) आणि कोॲक्सियल (तांब्याच्या तारेचं) दोन्ही आहेत. ह्याला स्टुडिओ मॉनिटर म्हणायला मी तयार नाही, पण ऐकायला, एडिटिंगला, रियाजाला झकास. तुमच्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मागे ऑप्टिकल आउट असेल (छोटी चौकोनी खाच, झाकण ढकललं की आत लाल उजेड) तर खर्च फक्त केबलचा. लॅपटॉपला सहसा ती नसते. ॲपलच्या जुन्या मॅकबुक प्रोमध्ये हेडफोन जॅकमध्येच ऑप्टिकल लपलेलं होतं, २०१६ च्या मॉडेलपासून तेही गेलं. मग बेहरिंगरच्या यूसीए२२२ सारखी यूएसबीवर चालणारी डबी घ्यायची, तिला ऑप्टिकल आउट आहे.

ऑप्टिकलचा खरा फायदा आवाजाच्या शुद्धतेत शोधू नका, तो तांब्याच्या नसण्यात आहे. केबलमधून उजेड जातो, करंट जात नाही, त्यामुळे त्या वाटेचा ग्राउंड लूप तिथेच तुटतो. बसवताना मात्र तीन गोष्टी सांभाळा. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या काढल्याशिवाय प्लग नीट बसत नाही, आणि "स्पीकर डेड आहे" म्हणून लोक दुकानात परत जातात. दुसरं, साउंड सेटिंगमध्ये डॉल्बी वगैरे सराउंडचे प्रकार निवडलेले नकोत, अशा स्पीकरना साधा स्टिरिओ पीसीएमच (दाबून लहान न केलेला डिजिटल आवाज) कळतो. तिसरं आवाजाचं. स्पीकरचं बटण आधी शून्यावर आणा आणि मग हळूहळू वाढवा, कारण डिजिटल आउटपुट पुष्कळदा पूर्ण जोरात येतं आणि कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम त्याला लागू होईलच असं नाही. ब्लूटूथही डिजिटलच की, असं कुणी म्हणेल. खरंय, पण साध्या ब्लूटूथमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. माइकमधला स्वतःचा तबला त्यावर ऐकत वाजवून बघा, तुम्ही समेवर याल तेव्हा स्पीकरमधला ठोका मागेच असेल.

मग एचएस५ वाल्याने काय करावं? माझं मत स्पष्ट आहे: डिजिटलचा नाद सोडा आणि बॅलन्स्ड आउटपुट असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या. फोकसराइट स्कार्लेट २आय२ घ्या, नाहीतर त्याहून स्वस्त बेहरिंगर यूएमसी२०२एचडी. कॉम्प्युटर ते इंटरफेस यूएसबी, म्हणजे तेवढी वाट डिजिटलच झाली, पूल मधल्या डबीत. पुढे बॅलन्स्ड केबलमध्ये दोन तारांतून एकच सिग्नल सुलटा-उलटा जातो आणि मॉनिटर दोघांतला फरक घेतो. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांत सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती जवळजवळ उडते. शिवाय हाताशी व्हॉल्यूमचं मोठं बटण मिळतं आणि माइकला प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) मिळतो, हे फुकट.

केबल घेताना इथे एक गंमत होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर "लॅपटॉप ते मॉनिटर" म्हटलं की एका बाजूला ३.५ एमएमचा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या बाजूला एकच मोठा टीआरएस अशी केबल हातात पडू शकते. दिसायला बरोबर. पण मॉनिटर त्या टीआरएसच्या दोन टोकांना सुलटं-उलटं समजतो, आणि तिथे पोचलेलं असतं डावं-उजवं. वजाबाकी होते आणि दोन्हींत सारखं असलेलं सगळं उडतं. गायक सहसा मधोमध मिक्स केलेला असतो, म्हणजे उडतो तो गायकच! मागे पोकळ वाद्यं आणि लांबून आल्यासारखा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मॉनिटर बिघडला असं वाटलं तर आधी ही केबल तपासा. इंटरफेसमधून दोन्ही टोकांना टीआरएस, किंवा टीआरएस ते एक्सएलआर अशा दोन स्वतंत्र केबल लागतात.

हे सगळं करूनही घरघर उरली तर लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. मॉनिटरच्या प्लगची अर्थची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापू नका. घरघर जाईल, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर धातूच्या पाठीला हात लागणार तुमचा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटला अर्थिंग आहे का ते मोजून घ्या. इंटरफेसची खरेदी त्यानंतर.