गुरूच्या फोटोसाठी भंडारदरा: जायचं का, आणि गेलात तर

जानेवारीतल्या मौनी अमावास्येचा शनिवार-रविवार साधून आम्ही आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) गाडीत घातली आणि ठाण्याहून भंडारदऱ्याला गेलो. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती झाली होती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर समोर होता. त्यामुळे बिंब जवळजवळ वर्षातलं सर्वांत मोठं, आणि गुरू मिथुनेत असल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास अगदी डोक्यावर.

आधीच सांगतो, नुसत्या ग्रहांसाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. गुरू-शनी इतके तेजस्वी आहेत की शहराच्या उजेडाने त्यांचं काही बिघडत नाही. बिघडवते ती थरथरणारी हवा, आणि ती ठाण्यातही एखाद्या रात्री शांत असते. गुरूवरचा एक पांढरा अंडाकृती डाग लाल झाल्याचं फेब्रुवारी २००६ मध्ये लक्षात आलं ते ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाच्या, आणि तो फिलिपाइन्समधल्या सेबू या उजेडाने भरलेल्या शहरातला. मृगातला तेजोमेघ, कृत्तिका वगैरेही बघायचं असेल तर मात्र भंडारदरा झकास.

दुर्बिणीची नळी मागच्या सीटवर गाद्यांमध्ये आडवी ठेवून पट्ट्याने बांधा. कसारा घाट ठीक आहे, पण घोटीनंतरचे खड्डे आरशाला हलवतातच. पोचल्यावर उजेड असतानाच कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, करून घ्या. मग दुर्बीण तासभर उघड्यावर ठेवा; आरसा गरम असेपर्यंत बिंब उकळत्या पाण्यात पडल्यासारखं दिसतं.

जलाशयाकाठच्या तंबूंमध्ये शनिवारी हॅलोजन, गाणी आणि शेकोट्या असतात. हॅलोजनचा गुरूला त्रास नाही, शेकोटीचा आहे. धूर आणि गरम हवा ज्या दिशेने वाहते तिथून दूर, मातीवर किंवा गवतावर जागा मागा. फरशीची गच्ची देऊ करतील, घेऊ नका. दिवसभर तापलेली फरशी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते.

शनी संध्याकाळी पश्चिमेला खाली होता. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या प्रतलातून गेली, त्यामुळे कडी अजून रेघेसारखीच बारीक. फोटो काढला, पण तो कुणाला दाखवावा असा नाही.

खरं काम अकरानंतर सुरू झालं. आमचा सरंजाम साधा: १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण, दुपटीचं बार्लो भिंग (प्रतिमा मोठी करणारं), २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा आणि लॅपटॉप. डॉब्सोनियनला मोटर नसेल तर गुरू अर्ध्या मिनिटात कॅमेऱ्याच्या चौकटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघून जातो. जाऊ द्या. चौकटीची उंची कमी करा, रुंदी पूर्ण ठेवा, म्हणजे सेकंदाला जास्त फ्रेम मिळतात. मग पुन्हा पुन्हा छोटे व्हिडिओ घ्या; त्यांतल्या चांगल्या फ्रेम नंतर एकत्र करून एक फोटो बनतो. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबचं चित्रण एकत्र केलं तर पट्ट्यांमधले बारकावे फासले जातात. फोकस गुरूवर लावत बसू नका. त्याच्या एखाद्या चंद्राचा ठिपका सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा.

गुरू बरोबर डोक्यावर आला की डॉब्सोनियन आडवी फिरवणं जिवावर येतं. म्हणून तो माथ्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर चित्रण उरका. एवढ्या उंचीवर हवेचा थर तसाही पातळच असतो. युरोपातल्या हौशी मंडळींना हे सुख कमीच. त्यांच्याकडे ग्रह कित्येक वर्षं क्षितिजाजवळच रेंगाळतात.

साडेबाराच्या सुमारास हवा स्थिरावली आणि विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यांच्या कडांची नक्षी पडद्यावर उमटली. पुढे दवाने घात केला. पाण्याकाठी ते येणारच. हेअर ड्रायरला वीज मिळेल याची खात्री नसते, तेव्हा शोधक दुर्बिणीला (मोठ्या नळीवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण) जुना सुती कपडा गुंडाळा आणि नळीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावा. लॅपटॉपची बॅटरी थंडीत लवकर उतरते. डिस्कवर भरपूर जागा करून न्या, व्हिडिओ गीगाबाइटमध्ये वाढतात.

घरी आल्यावर संगणकावरचे तीन प्रोग्रॅम: पिपमध्ये ग्रह मध्यभागी आणायचा, ऑटोस्टॅकर्टमध्ये साधारण पाव हिस्सा उत्तम फ्रेम निवडून एकत्र करायच्या, मग रेजिस्टॅक्समध्ये धार द्यायची. तिथे हात आखडता ठेवा. स्लायडर जास्त ओढला की गुरूभोवती खोटी कडी दिसू लागतात.

निघण्याआधी मेटिओब्लू या हवामानाच्या संकेतस्थळावर हवेच्या स्थिरतेचा आणि जेट स्ट्रीमचा (उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा) अंदाज बघा. तो वाईट असेल तर घरीच गच्चीवर थांबा. शनीची पुढची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे, तोवर कडीही जरा उघडलेली असतील.