स्यमंतकाचं कीर्तन

बडोद्याला दांडिया बाजाराजवळ आमचं मंडळ होतं. गणपतीत तिथे नाटुकली व्हायची, रांगोळ्या, पाककृतींच्या स्पर्धा व्हायच्या. पण सतरंज्या अपुऱ्या पडायच्या त्या कीर्तनाला. बुवा दरवर्षी स्यमंतक मण्याचंच आख्यान लावत. चतुर्थीला चुकून चंद्र दिसला तर घरोघरी हीच गोष्ट ऐकवतात, म्हणून ती सगळ्यांना पाठ. तरी पुढची जागा धरायला आया आम्हा पोरांना आधीच पिटाळत.

पूर्वरंग आम्हाला लांबलचक वाटे. मध्यंतरात बुक्का लागला, बुवांच्या गळ्यात हार पडला की मात्र आम्ही सरसावून बसायचो. सूर्याने सत्राजिताला दिलेला मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. कृष्णाने तो उग्रसेन राजासाठी मागितला, सत्राजिताने साफ नाही म्हटलं. मग तो गळ्यात घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला गेला, सिंहाने त्याला मारलं, सिंहाला जांबवंताने. आणि द्वारकेत आळ आला कृष्णावर! इथे पेटी थांबायची, तबला थांबायचा, आणि बुवा जांबवंताच्या गुहेतल्या दाईच्या आवाजात हळूच म्हणायचे:

सिंहः प्रसेनमवधीत् सिंहो जाम्बवता हतः ।
सुकुमारक मा रोदीस्तव ह्येष स्यमन्तकः ॥

रडू नकोस बाळा, हा मणी तुझाच. ज्याच्यापायी माणसं मेली, तो अस्वलाच्या पोराचा खुळखुळा झालेला! साऱ्या कथेत त्या मण्याशी नुसतं खेळलं ते एवढं एक पोर. मला हा प्रसंग आजही सगळ्यात सुंदर वाटतो.

बरेच जण गोष्ट इथे, कृष्णाने जांबवंताला हरवून मणी मिळवला आणि त्याची मुलगी जांबवती हिच्याशी लग्न केलं, तिथे संपवतात. आमचे बुवा संपवत नसत, आणि त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. मणी परत मिळाल्यावर सत्राजित खजील झाला, सत्यभामा कृष्णाला दिली, मणीही देऊ केला. कृष्णाने तो घेतला नाही. पुढे शतधन्वा नावाच्या यादवाने झोपेतल्या सत्राजिताला मारून मणी पळवला आणि यादवांतल्याच अक्रूराकडे ठेवून पोबारा केला. कृष्णाने शतधन्व्याला मिथिलेजवळ गाठून मारलं, पण मणी त्याच्यापाशी नव्हता. आणि बलरामालाही वाटलं, कृष्णच काहीतरी लपवतोय. सख्खा थोरला भाऊ! तो रागाने मिथिलेतच राहिला. बुवांचा आवाज इथे भरून यायचा. राक्षसांच्या गोष्टी ऐकून आम्ही घाबरायचो, पण ही ऐकताना पुढे बसलेल्या मोठ्यांच्या माना खाली जात. वाटण्यांवरून अबोला धरलेली घरं त्या गर्दीतही होती.

शेवटी कृष्णाने अक्रूराला सर्वांसमक्ष मणी दाखवायला लावला आणि त्यालाच परत दिला.

एका वर्षी मंडळाने पोरांना विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिरात नेलं. तिथे भिंतीवर नंदलाल बोसांनी काढलेलं महाभारताचं युद्ध आहे. सुईच्या अग्रावर मावेल एवढी माती न देण्यापायी झालेलं ते सगळं बघून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे हापण मणीच!"

आरती, खिरापत झाली की मोठी मंडळी शेव-उसळीच्या बश्या घेऊन वाद घालत: सगळ्यात लोभी कोण? काका अक्रूराची बाजू घेत, त्याने मण्याच्या सोन्यातून निदान यज्ञ तरी केले म्हणून. आजी म्हणायची, "चोरीच्या सोन्याचे यज्ञ ते! शतधन्व्याला फूस कोणी दिली, ते सांग आधी." मी आजीच्याच बाजूची.